टायमिंग बेल्ट तुटला एकदा, फसवणूक झाली तीनदा

गाडी २००९ची सँट्रो झिंग, १.१ लिटर पेट्रोल. सिग्नलला उभ्या उभ्या बंद पडली ती पुन्हा चालू झालीच नाही. सेल्फ मारला की इंजिन नेहमीसारखं अडखळत, दम लावत फिरायचं सोडून एकसुरात भरभर गरगरत होतं. हा टायमिंग बेल्ट तुटल्याचा आवाज, तो ओळखता आला पाहिजे. हा दातेरी पट्टा खालच्या क्रँकच्या (पिस्टन जोडलेल्या दांड्याच्या) फिरण्यावर वरचा कॅमशाफ्ट फिरवतो, आणि कॅमशाफ्ट व्हॉल्व म्हणजे हवा-धुराच्या झडपा उघडतो. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट थांबलेला असतो, काही व्हॉल्व उघडेच राहिलेले असतात, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) तयार होत नाही आणि सेल्फला जोर लावावा लागत नाही. अशा वेळी बेल्टचं वरचं प्लॅस्टिकचं कव्हर सोडवायचं आणि बोट घालून बघायचं. बेल्ट सैल असेल, दात गेलेले असतील किंवा बेल्ट जागेवर नसेलच, तर चावी काढून खिशात टाकायची. 'एकदा मारून बघू' म्हणत मारलेला प्रत्येक सेल्फ पिस्टनला उघड्या व्हॉल्ववर पुन्हा आपटण्याची संधी देतो. या गाडीला रस्त्यावरच्या मदतनिसाने दहा-बारा सेल्फ मारले. तो बिचारा फसवत नव्हता, त्याला माहीत नव्हतं. फसवणारे पुढे भेटले.

पहिला गॅरेजमध्ये. बॉनेट उघडलं, कव्हरमधून तुटका बेल्ट ओढून काढला आणि निकाल दिला: "इंजिन गेलं साहेब. पिस्टन, बोअर सगळं गेलं. हाफ इंजिन टाकावं लागेल." बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, हेड म्हणजे व्हॉल्व बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, आणि हाफ इंजिन म्हणजे हेड सोडून खालचा सगळा भाग. स्पार्क प्लग काढला नाही, हेड उतरवलं नाही, काहीच मोजलं नाही.

या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व एकाच जागेत आळीपाळीने येतात, आणि त्यांची गाठ पडू न देणं हेच बेल्टचं काम. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. बेल्ट गेला की उघडे राहिलेले व्हॉल्व पिस्टनच्या वाटेत सापडून वाकतात, पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे ठसे उमटतात. गाडी आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता मंद चालू) असताना बेल्ट तुटला तर नुकसान बहुतेक वेळा इथेच थांबतं. व्हॉल्वचं डोकं तुटून आत पडलं, तर मात्र पिस्टन, हेड आणि बोअर तिन्हींची वाट लागते, आणि वेगात असताना तुटला तर तो धोका वाढतो. म्हणजे 'बोअर गेला' हे खरं असू शकतं, पण बघितल्याशिवाय ते कुणालाच सांगता येत नाही.

बघायचं कसं? चार प्लग काढायचे, क्रँकच्या बोल्टला पाना लावायचा आणि पहिला पिस्टन वर आणण्याऐवजी चौथाई फेरा अलीकडे थांबायचं. चार सिलिंडरच्या इंजिनात त्या जागी चारही पिस्टन बोअरच्या साधारण मध्यावर असतात, म्हणून कॅम सुटा फिरवला तरी काही आपटत नाही. पाना फिरवताना अडलं तर जोर करायचा नाही. कॅम थोडा हलवायचा आणि पुन्हा बघायचं. मग गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, ज्या सिलिंडरचे व्हॉल्व बंद असायला हवेत त्यात प्लगच्या भोकातून हवा सोडायची. दाब फार नको, २ किलो (प्रति चौ. सें.मी.) पुरे, कारण पिस्टन मध्यावर असताना हवा क्रँक फिरवू बघते. हवा इनलेटच्या (हवा आत येण्याच्या) बाजूने फुसफुसली तर इनलेट व्हॉल्व वाकलाय. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा). ऑईलच्या झाकणातून जोरात आली तर रिंग-पिस्टनकडे संशय. प्लगच्या भोकातून हजार-दीड हजारांचा, मोबाइलला जोडायचा कॅमेरा घातला तर पिस्टनचं डोकं आणि बोअरची भिंत दोन्ही दिसतात. तास-दीड तासाचं काम. गॅरेजने ते केलं नाही, कारण उत्तर 'फक्त व्हॉल्व' असं आलं असतं तर हाफ इंजिनचं बिल लागलं नसतं.

मालकाला थोडी हत्यारं हाताळायची सवय होती. त्याने गाडी ओढून घरी आणली आणि हेड उतरवलं. चार सिलिंडरचे मिळून १२ व्हॉल्व, त्यातले ७ वाकलेले. बोअर साफ, पिस्टनवर नुसते ठसे. गॅरेजचा डाव इथे फसला आणि मालकाला वाटलं की आपण सुटलो. घरी काम करणाऱ्यांचा नेमका हाच गैरसमज असतो. गॅरेज टाळता येतं, स्पेअरचं दुकान आणि लेथवाला (हेडचं मशीनवरचं काम करणारा) टाळता येत नाही.

दुकानात त्याने 'कंपनीचा टायमिंग किट' मागितला. बेल्ट, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, बेल्टला वाट देणारी आयडलर पुली. चकचकीत खोकं, होलोग्राम, आत तेलकट कागद. बिलावर लिहिलं होतं 'टा. किट १ नग'. पार्ट नंबर नाही, गाडीचं नाव नाही, आणि किंमत खोक्यावरच्या एमआरपीच्या जवळजवळ निम्मी. 'ओळखीत दिला' हे त्यावरचं स्पष्टीकरण.

खोकं आणि होलोग्राम हा नक्कल करायला सगळ्यात सोपा भाग आहे. आतला माल बघायचा. बेल्टच्या पाठीवर दातांची संख्या, रुंदी आणि उत्पादनाचा कोड छापलेला असतो. दात स्वतः मोजायचे आणि जुन्या बेल्टशी ताडायचे. छपाई स्पिरिटच्या बोळ्याने सहज पुसली गेली तर शंका घ्यायची. दातांवर नायलॉनच्या कापडाचं अस्तर असतं. ते दाताच्या कडेला सुटलेलं किंवा सुरकुतलेलं नको. कड कापलेली दिसेल तिथे काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या एकसारख्या अंतरावर हव्यात. पण हे बघताना बेल्ट पिळायचा नाही आणि उलटाही करायचा नाही, कारण काचेचा धागा एकदा मोडला की बाहेरून काही दिसत नाही आणि बेल्ट पुढे मधूनच सरळ रेषेत तुटतो. दुकानदार काउंटरवर बेल्टची घडी घालून 'बघा किती लवचिक' म्हणाला, तर तो बेल्ट अस्सल असला तरी घ्यायचा नाही.

टेन्शनरची फसवणूक याहून वाईट. जुन्या टेन्शनरची बॉडी धुऊन, पॉलिश मारून, आत कुठलंही स्वस्त बेअरिंग दाबून बसवतात. बोटाने फिरवून बघितलं की कळतं. चांगलं, ग्रीसने भरलेलं बेअरिंग किंचित जड, मऊ फिरतं आणि अर्ध्या-एक फेऱ्यात थांबतं. बनावट 'सुर्रर्र' आवाज करत कितीतरी वेळ फिरत राहतं, आणि नवख्या माणसाला तेच उत्तम वाटतं! बेअरिंगच्या कडेला कोरलेला नंबर घासलेला आहे का, बोल्टच्या भोकाभोवती आधी आवळल्याचे गोल ओरखडे आहेत का, तेही बघायचं.

जाता जाता एक. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनात आणि स्विफ्टच्या १.३ डिझेलमध्ये टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. तरीही अशा गाड्यांच्या बिलात 'टायमिंग बेल्ट बदलला' अशी ओळ सापडते. बदललेला असतो अल्टरनेटरचा बेल्ट, किंवा तोही नाही.

तिसरी फसवणूक लेथवर झाली, आणि ती सगळ्यात महाग पडली. हेड दिलं तेव्हा काम ठरलं ते असं: १२ व्हॉल्व नवे, सीट कटिंग (व्हॉल्व टेकतो ती कड कापून नीट करणं), लॅपिंग (व्हॉल्व सीटवर घासून घट्ट बसवणं), नवे व्हॉल्व सील, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं). चलन (कामाची लेखी पावती) नाही, फोटो नाही. दोन दिवसांनी हेड घासून पुसून असं चमकत आलं की मालकाने समाधानाने पैसे मोजले.

लेथवर हेड देण्याआधी करायची कामं अर्ध्या तासाची आहेत. व्हर्नियरने हेडची उंची चार कोपऱ्यांत मोजून लिहायची. कास्टिंग नंबरचा फोटो काढायचा आणि आड जागी पंचने एक ठिपका मारायचा, म्हणजे हेडच बदललं तर कळेल. सरळ पट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांत ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) सरकवायचा. बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम हेडना ०.०५ मि.मी.पर्यंतचा वाक चालतो. आपल्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. बेल्ट तुटून व्हॉल्व वाकले म्हणून हेड वाकत नाही. हेड वाकतं ते इंजिन तापल्याने. गाडी तापलेली नसेल आणि पट्टी सरळ बसत असेल, तर फेसिंग करायची गरजच नाही. तरी लेथवाला ते करतो, कारण ते झटपट होतं आणि दिसायला छान दिसतं. घासून काढलेल्या प्रत्येक दशांश मिलिमीटरागणिक चेंबर (हेडमधली पेट्रोल जळण्याची खोलगट जागा) लहान होतं, पिस्टन-व्हॉल्वमधली फट कमी होते आणि कॅम क्रँकच्या जवळ आल्यामुळे टायमिंग किंचित मागे पडतं. या इंजिनाचा बोअर ६७ मि.मी. आहे, म्हणजे ०.४ मि.मी. उडवलं तर चेंबरचं १.४ घन सेंटिमीटरपर्यंत माप जातं. एवढ्याशा चेंबरला ते कमी नाही.

घरची जुळणी मालकाने नीट केली होती, हे सांगायला हवं. खुणा जुळवल्या, हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे देऊन खुणा परत जुळतात का बघितलं, मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टप्प्यांनी हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. काही आठवड्यांनी सकाळी बेल्टच्या बाजूने बारीक किरकिर येऊ लागली, गरम झाल्यावर थांबायची. ३,८०० कि.मी.ला गाडी पुन्हा उभी.

या वेळी सगळे भाग टेबलावर मांडले तेव्हा हिशेब लागला. टेन्शनरचं बेअरिंग जाम, ग्रीस जळून काळं. बेल्टची एक कड खाल्लेली आणि एका पट्ट्यात आठ दात मुळापासून उडालेले. तुटलेला बेल्ट कधी फेकू नये, तो जबानी देतो. सलग दात उडाले तर काहीतरी जाम झालंय. कड झिजली तर टेन्शनर किंवा पुली तिरकी आहे. पाठीवर भेगा असतील तर वय झालंय, फुगून चिकट झाला असेल तर कॅम किंवा क्रँकचं ऑईल सील गळतंय. आणि सरळ कापल्यासारखा तुटला तर बसवण्याआधी कुणीतरी त्याची घडी घातली होती.

व्हॉल्व काढले. १२ 'नव्यांपैकी' फक्त ५ नवे होते. उरलेले ७ जुनेच. वाकलेले ठोकून सरळ केलेले, वायर ब्रशने घासून चमकवलेले. काचेवर दांडी गडगडवली की डोकं डुगडुगायचं. दांडीची जाडी मायक्रोमीटरने वर, मध्ये, खाली मोजली तर मधला झिजलेला पट्टा सापडत होता. सरळ केलेला व्हॉल्व मानेपाशी आतून तडकलेला असू शकतो, आणि मान तुटून डोकं आत पडलं की गॅरेजवाल्याचं 'इंजिन गेलं' हे वाक्य अखेर खरं ठरतं. अनेक इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्वच्या डोक्याचं पोलाद चुंबकाला चिकटत नाही. जुन्या अस्सल व्हॉल्वचं डोकं चिकटत नसेल आणि नव्याचं खटकन चिकटत असेल, तर धातू वेगळा आहे. लेथवरून हेड आलं की चेंबर वर करून, प्लग लावून, त्यात रॉकेल ओतून १० मिनिटं ठेवायचं. पोर्टमध्ये (व्हॉल्वमागच्या हवेच्या वाटेत) ओल दिसली तर हेड परत न्यायचं, मग ते कितीही चमकत असो.

पैसे परत मागायला गेल्यावर कागदाची किंमत कळली. दुकानदाराने आधी हात वर केले. पण मालकाने खोकं जपून ठेवलं होतं. खोक्यावर एमआरपी होती, पण बनवणाऱ्याचा किंवा पॅक करणाऱ्याचा पत्ता आणि महिना-वर्ष नव्हतं, जे पॅकबंद मालावर असणं कायद्याने बंधनकारक आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. ३० दिवस तर उलटून गेले होते, पण बनावट मालाची तक्रार त्यामुळे बाद होत नाही. ग्राहक आयोगाकडे जायला २ वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक दाखवल्यावर दुकानदाराने किटचे पैसे दिले. वाकलेल्या व्हॉल्वचे नाही दिले.

लेथवाल्याकडून काहीच मिळालं नाही. "हेड आलं तेव्हाच इतक्या उंचीचं होतं," असं तो म्हणाला, आणि आधीची उंची कुठे लिहिलेलीच नसल्यामुळे ते खोडता येईना. व्हॉल्वबद्दल म्हणाला, "पाचच सांगितले होते." चलन नव्हतं.

हेड मॅन्युअलच्या किमान उंचीखाली गेलं होतं, म्हणून दुसरं जुनं हेड शोधावं लागलं. ते घेताना कॅमची बेअरिंग बघितली, प्लगचे आटे हाताने प्लग फिरवून तपासले, दोन सीटमधल्या पुलावर केसासारखा तडा आहे का ते भिंगाने पाहिलं, आणि पैसे देण्याआधी दुकानातच चार कोपऱ्यांत व्हर्नियर लावून आकडे बिलाच्या मागे लिहून घेतले. नव्या लेथवाल्याने ते आकडे बघून चलनावर स्वतःच लिहिलं: 'फेसिंग नाही. व्हॉल्व १२ नवे, जुने १२ परत.'