बाथरूमची गळती: हजेरी, मजुरी दर की मालमजुरीसह उक्तं?

भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्या घरात पाणी उतरलं की घरमालकासमोर तीन रस्ते असतात. मिस्त्री आणि बिगारी हजेरीवर, म्हणजे रोजच्या मजुरीवर लावा, माल स्वतः आणून फक्त मजुरी ठरवा, किंवा मालमजुरीसह सगळं काम एकाच ठेकेदाराला उक्तं (एकरकमी) द्या. स्वस्त कोणता हा प्रश्न नंतरचा. फरशी फोडण्याआधी काम नेमकं किती आहे ते कळतंय का, हे आधी बघा. गळतीच्या बाबतीत बहुतेकदा ते कळत नाही. म्हणून शोधाचं काम हजेरीवर आणि दुरुस्ती उक्ती, असे दोन टप्पे करणं आम्हाला सर्वांत योग्य वाटतं.

शोधाला साधारण दोन दिवस लागतात. आधी प्लंबरकडून येणाऱ्या पाण्याच्या लाइनवर दाबचाचणीच्या हातपंपाने दाब देऊन तासभर काटा बघा. काटा उतरला तर दोष पाइपात. टिकला तर नहाणी ट्रॅपचं (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचं) तोंड बंद करा, उंबऱ्याच्या खाली राहील इतकं इंचभर पाणी साठवा आणि 24 तास थांबा. पातळी उतरली तर दोष फरशीचे सांधे किंवा ट्रॅपभोवतीची जागा. पाणी टिकलं, पण ट्रॅप उघडल्यावर खाली ओल वाढली, तर ट्रॅपच्या खालचा जोड. नुसता वॉल्व्ह बंद करून निष्कर्ष काढू नका. सखल स्लॅबमधला (बाथरूमखाली मुद्दाम खोल ठेवलेल्या स्लॅबमधला) भराव पाणी धरून ठेवतो, आणि वॉल्व्ह बंद असला तरी कित्येक दिवस थेंब पडत राहतात.

दोष फक्त सांध्यांत निघाला तर फोडाफोड टळते: सांध्यांतलं जुनं भरण खरवडून, जागा पूर्ण कोरडी करून इपॉक्सी ग्राउट भरायचं. ट्रॅपचा जोड तुटला असेल तर मात्र इपॉक्सीने काहीच साधत नाही, तरीही सर्रास तेच सुचवलं जातं.

आता तिन्हींची तुलना. हजेरीत काम लांबवण्यातच कामगाराचा फायदा असतो, आणि दिवसभर कुणीतरी समोर उभं राहावं लागतं. मालक परगावी असेल तर शोधापलीकडे हा मार्ग नको.

मजुरी दरात मालाचा दर्जा तुमच्या हातात राहतो. सीपीव्हीसी पाइपाला सीपीव्हीसीचंच सोल्व्हंट (जोड चिकटवायचं द्रावण) मिळतं, पीव्हीसीचं स्वस्त सोल्व्हंट लावून जोड सुटण्याचा धोका राहत नाही. पण दुपारी एक एल्बो (वळणाचा जोड) कमी पडला की काम थांबतं. त्याहून मोठी अडचण पुढे येते. गळती परत आली तर मिस्त्री मालाला दोष देतो, दुकानदार लावणीला, आणि भुर्दंड तुमच्यावर पडतो.

उक्त्यात जबाबदारी एकाची असते, पण कागदावर काय लिहिलं त्यावर सगळं अवलंबून. ‘बाथरूम वॉटरप्रूफिंग पूर्ण’ एवढंच लिहिलं तर वॉटरप्रूफिंगचे दोनऐवजी एकच कोट (थर) बसतो, आणि फरशी लागल्यावर ते दिसत नाही. 5 × 7 फुटांच्या बाथरूमचा हिशोब असा: जमीन 35 चौरस फूट, चारही भिंतींना फूटभर वर म्हणजे दार धरून साधारण 24, शॉवरची 5 फुटी भिंत 6 फुटांपर्यंत नेली तर आणखी 25. एकूण सुमारे 84 चौरस फूट, दोन कोट, दुसरा पहिल्याला आडवा. जमीन आणि भिंतीच्या कोपऱ्यात आधी सिमेंटच्या मसाल्याची गोलाई, ट्रॅपभोवती न आकसणारा ग्राउट. कोट वाळल्यावर, फरशीआधी, 48 तास पाणी साठवून चाचणी. हे सगळं करारात आकड्यांसह हवं. राडारोडा कोण उचलणार तेही लिहा. नाहीतर पोती जिन्यात पडून राहतात आणि सोसायटीची नोटीस तुम्हाला येते.

पैसे टप्प्याने द्या: उचल 20 टक्के, पाइपाची दाबचाचणी झाल्यावर 30, 48 तासांची चाचणी झाल्यावर 30, वापर सुरू होऊन पंधरा दिवस झाल्यावर उरलेले 20. अर्ध्याहून जास्त उचल मागणाऱ्याला काम देऊ नका.

फोडण्यापासून फरशीचे सांधे भरेपर्यंत आठ-नऊ दिवस जातात. एकच बाथरूम असेल तर भाडेकरू तिथे राहू शकत नाही, म्हणून शक्यतो दोन भाडेकरारांच्या मधला काळ धरा. तो राहत असताना काम निघालंच, तर त्याच्याशी तारखा आधी ठरवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू असलेल्या भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर कलम 14 नुसार तो स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. संडास-सिंकमुळे दोन फ्लॅटांमध्ये होणारी गळती गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाच्याच खर्चाची. सोसायटीकडून ती अपेक्षा नको.

नळ, फ्लश, गीझरचा जोड अशा तासाभराच्या कामांना यातलं काहीच लागत नाही. ठरलेल्या दराने येणारा ॲपवरचा प्लंबर पुरतो.

उक्तं दिलं तरी फरशी स्वतः निवडा. जमिनीच्या 35 चौरस फुटांना 10 टक्के तुटफूट धरून 39 घ्या आणि वर एक खोका जादा आणा. पुढच्या वर्षी तोच रंग मिळेल याची खात्री नसते. पाइप झाकण्याआधी टेप लावून, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असे फोटो काढा आणि जादा खोक्यासोबत माळ्यावर त्यांची एक प्रत ठेवा.