पिवळा मल्टिमीटर, सात महिन्यांनंतर: बझरवर विसंबू नका

पुण्याच्या तापकीर गल्लीतून २८० रुपयांना आणलेला, घरोघरी दिसतो तोच वीज तपासायचा पिवळा मीटर. त्याच्या वायरींची दोन टोकं, म्हणजे प्रोब, वस्तूला लावायची; वीज सहज गेली तर बझर वाजतो. भाचीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी घेतला: घरातलं काय सुवाहक, काय दुर्वाहक.

परवा त्याने स्टीलच्या चमच्यालाच दुर्वाहक ठरवलं. मग किल्ली, तांब्याचं भांडं, सगळ्यावर गप्प. नऊ व्होल्टची नवी बॅटरी घातली (४० रुपये पाण्यात), तरी तेच. शेवटी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले, तरी आवाज नाही! काळ्या प्रोबची वायर मुठीपाशी आतून तुटलेली. दुकानदार म्हणाला, "साहेब, वायरला कसली वॉरंटी?" नवी जोडी ६० रुपये. घेतली नाही. तुटका भाग कापून घरीच डाख दिला.

पण खरा राग बझरवर. एचबी पेन्सिलीला दोन्हीकडून टोक काढून प्रोब लावले, वाजला नाही. भाचीने वहीत 'दुर्वाहक' लिहिलं आणि बाईंकडून लाल शेरा आणला. त्या रात्री दोन तास पेन्सिलीच तपासत बसलो. ओहमच्या, म्हणजे विजेला होणारा विरोध मोजायच्या, रेंजवर एचबी ७४, टूबी १९. माझ्या मीटरचा बझर पन्नास ओहमच्या आतच वाजतो, हे कागदावर कुठेच छापलेलं नाही. म्हणायला शिसं, आत ग्राफाइट आणि माती. एचबीत माती जास्त, म्हणून विरोधही जास्त.

इथे माझं मत बदललं. मीटर खोटं बोलत नव्हता, मीच आकडा न बघता आवाज ऐकत होतो. मिठाच्या पाण्यावरही बझर गप्प, पण आकडा येतो आणि सरकत राहतो. साखरेच्या पाण्यावरही येतो, कारण नळाच्या पाण्यातच क्षार असतात. काळ्या हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढईवर डावीकडे नुसता '१'. भाचीने तो एक ओहम समजून लिहिला! तो 'रेंजच्या बाहेर'चा १. वरचा ऑक्साइडचा थर वीज जाऊ देत नाही. जिथे खरवडलीय तिथे लगेच वाजतो. बिस्किटाच्या पुड्याची चकचकीत आतली बाजूही तशीच, वर प्लास्टिकचा पापुद्रा.

ओहमवर ठेवून प्लगच्या भोकात मात्र प्रोब घालू नका.

मीटरला चार तारे, वायरींना शून्य. डाख अजून टिकलाय, ६० रुपये वाचले. ४० गेले ते गेलेच.