भिंतीत पॉलिथिन घालावं की स्मार्ट पडदा?

अमेरिकेत मॅन्युफॅक्चर्ड होम (कारखान्यात तयार झालेलं घर) घेतलेल्या मैत्रिणीने विनाइल चिकटवलेले जिप्सम बोर्ड उतरवले, तर मागे इन्सुलेशनवर काळी बुरशी. आता नवे बोर्ड लावण्याआधी बाफ अडवायला आत पॉलिथिन घालावं की नायलॉनचा स्मार्ट पडदा, म्हणजे दमटपणानुसार बाफ कमी-जास्त सोडणारा पातळ थर, यावर तिचं अडलंय.

बाफ अडवण्यात पॉलिथिन पक्कं. 6 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं प्लास्टिक जेमतेम 0.06 पर्म बाफ सोडतं; पर्म हे बाफ किती आरपार जाते याचं माप. पण तोच त्याचा दोष. खिडकीच्या कडेने पाणी शिरलं की ते घराच्या बाजूने वाळूच शकत नाही. उन्हाळ्यात एसी चालू असला की बाहेरची दमट हवा त्या गार प्लास्टिकला मागून घाम आणते. बोट फिरवलं तर ओलं होतं. नायलॉनचा पडदा कोरडा असताना 1 पर्मच्या खाली राहतो, दमटपणा वाढला की 10 पर्मच्याही वर जातो. मग भिंत आतून वाळते.

मात्र त्यावर पुन्हा विनाइलचे बोर्ड ठोकू नका. विनाइल स्वतःच बाफ अडवतं, पडद्याचे पैसे पाण्यात जातील. साधे बोर्ड, वर लेटेक्स रंग.

पॉलिथिन खूपच स्वस्त. मेहनत सारखीच: सांध्यांना टेप आणि स्विचबोर्डाभोवतीच्या फटी बुजवणं दोन्हीकडे हवंच, कारण खरी ओल हवेबरोबर फटींतून शिरते.

मिनेसोटासारखी लांबलचक थंडी आणि एसी क्वचित, तर पॉलिथिन चालेल. कडक थंडीही आणि दमट उन्हाळाही असेल तिथे स्मार्ट पडदाच घ्या. फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट भागात आतून पॉलिथिन अजिबात नको.