आठ महिने प्लेस्टेशन १ इम्युलेटरवर: वापरानंतरचा अनुभव

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होतंच. त्यावर रेट्रोआर्क (जुन्या कन्सोलचे इम्युलेटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, बीटल पीएसएक्स एचडब्ल्यू हा कोअर (प्लेस्टेशन १ ची नक्कल करणारा त्यातला भाग) घेतला आणि तासाभरात खेळायला बसू अशा भ्रमात राहिलो. अख्खा रविवार गेला.

पहिलं घोडं बायोसवर, म्हणजे कन्सोल सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामवर, अडलं. ५१२ केबीची फाइल सिस्टिम फोल्डरमध्ये असूनही स्क्रीन काळा. नावातली अक्षरं कॅपिटल होती, एवढंच! ती स्मॉल केल्यावर तो ओळखीचा सुरुवातीचा आवाज घुमला.

मग माझ्याच हौसेने घोळ घातला. डिस्क रिप केली, म्हणजे तिची कॉम्प्युटरवर कॉपी घेतली, की बिन (डिस्कवरचा डेटा) आणि क्यू (त्या डेटाची यादी) अशी फाइलींची जोडी मिळते. मी बिनचं नाव बदलून सुटसुटीत केलं, तर गेम उघडेना. क्यू फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. आत जेमतेम चार ओळी, आणि पहिल्याच ओळीत बिनचं जुनं नाव. आता सगळं सीएचडी या दाबून साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून ठेवलंय; एका डिस्कची एकच फाइल, शिवाय जागाही वाचते.

चित्राबाबत माझं मत मधल्या काळात फिरलं. मूळ कन्सोल त्रिकोणांचे कोपरे पूर्ण पिक्सेलवरच बसवायचा आणि टेक्स्चरला पर्स्पेक्टिव्हचा हिशोब लावायचा नाही. म्हणून भिंती थरथरतात, फरशा वाकड्या होतात. हे दोन्ही दोष सुधारणारा पीजीएक्सपी हा पर्याय चालू केला, रिझोल्युशन चौपट केलं आणि सगळं ताठ उभं राहिलं. दोन महिने खूश होतो. पण मागचं दृश्य आधीच रेंडर केलेलं असेल तर ते धूसरच राहतं आणि त्यावर पात्रं कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसतात. अशा गेमना आता मूळ रिझोल्युशन, डिदरिंग (ठिपक्यांनी रंग मिसळणं) चालू आणि वर सीआरटी शेडर, म्हणजे जुन्या टीव्हीसारखं चित्र दाखवणारा फिल्टर. रेसिंगला मात्र चौपटच!

बटण दाबल्यावर उशीर जाणवत होता. टीव्हीचा गेम मोड लावला आणि बराचसा गेला. उशीर कमी करायला पुढच्या फ्रेम आधीच काढणारं रन-अहेड या लॅपटॉपला झेपलं नाही, आवाज तुटायला लागला. १९९७ च्या आधीच्या बहुतेक गेमना अॅनालॉग स्टिक ठाऊकच नाही. स्टिक चालत नसेल तर कंट्रोलर बिघडला समजू नका, डिजिटल मोड लावा.

खरा फटका चौथ्या महिन्यात बसला. मित्राला एक प्रसंग दाखवायला महिनाभर जुनी सेव्ह स्टेट (इम्युलेटरने गोठवून ठेवलेला खेळातला क्षण) लोड केली. तिच्याबरोबर त्या दिवसाचं मेमरी कार्डही परत आलं, हे लक्षातच आलं नाही. पुढे गेममध्ये नेहमीसारखं सेव्ह केलं आणि १२८ केबीच्या कार्डावरचे वीस तास पुसले गेले. स्टेट लोड करताना सेव्ह रॅमवर, म्हणजे मेमरी कार्डाच्या डेटावर, लिहू नये, असा पर्याय सेटिंगमध्ये आहे. तो पहिल्याच दिवशी चालू करा. मी सेव्ह फोल्डरची कॉपीही दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर घेतो.

ज्याचे वीस तास गेले तो तीन डिस्कचा गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलाय. सध्या दुसऱ्या डिस्कच्या मध्यावर आहे.