मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ : समृद्धीवर झकास, गावच्या रस्त्यावर जपून

स्पोर्ट्स कारला नवे टायर घेताना हा पर्याय पहिल्या फळीतला. ओल्या रस्त्यावरची पकड आणि ब्रेक जबरदस्त, स्टिअरिंगही नेमकं. पण २२५/४५ आर १७ मापात साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जेमतेम १०१ मिलिमीटर उंच. समृद्धीवरून जालन्याला उतरलात आणि खड्डा लागला, की आतले धागे तुटून फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

घेताना साइडवॉलवरचा डीओटी कोड वाचा. शेवटी २३२५ म्हणजे टायर २०२५ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. दुकानदार ‘सेम साइज’ म्हणून कमी लोड इंडेक्सचा (वजन पेलण्याच्या क्षमतेचा आकडा) टायर गळ्यात मारू पाहील. ९४ म्हणजे एका टायरवर ६७० किलो, कंपनीने सांगितलंय त्याखाली जाऊ नका. नक्षी असममित आहे, त्यामुळे ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच हवी. दोनच घेणार असाल तर नवे मागे टाका.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. मे महिन्यातल्या दुपारी गरम टायरची हवा ‘जास्त झाली’ म्हणून सोडली, की गार झाल्यावर ती कमी पडते आणि कडा झिजतात. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्याने संपला. पावसाळ्यासाठी ३ लाच बदललेला बरा.