नंबर पोर्ट केला, नावांचं काय? सासूबाईंच्या फोनचा आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत आमच्या घरातले तीन नंबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेले, आता दिवाळी झाली, म्हणजे आठ-नऊ महिने वापरून झालंय, तेव्हा म्हटलं लिहावं. नेटवर्क कसं आहे, प्लॅन कुठला स्वस्त हे लिहायला बरेच जण आहेत, मी फक्त कॉन्टॅक्ट्सबद्दल लिहितेय कारण आमच्याकडे खरा गोंधळ तिथेच झाला.

आम्ही भांडुपला राहतो, सासूबाई पोळी-भाजीचे डबे करतात, आणि गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात. दुकान नाही, बोर्ड नाही, जे काय आहे ते फोनमधले नंबर. समोर नवी उंच बिल्डिंग उभी राहिल्यापासून घरात रेंजच नव्हती, आई गॅलरीत जाऊन ओरडून बोलायच्या आणि तोवर इकडे तव्यावरची पोळी करपायची. शेवटी ठरवलं की बदलायचं.

पोर्टचं थोडक्यात सांगते, ते सोपंय. १९०० वर PORT लिहून स्पेस देऊन आपला नंबर पाठवायचा, आठ अक्षरांचा कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात, तो चार दिवस चालतो, तेवढ्यात नवीन कंपनीच्या दुकानात जाऊन आधार, फोटो वगैरे द्यायचं. रिचार्जमध्ये एसएमएस नसतील तरी हा मेसेज जायला पाहिजे, ट्रायनं (फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२१ मध्येच तसं कंपन्यांना सांगितलंय, त्यामुळे कोणी "आधी मोठा रिचार्ज मारा" म्हणालं तर ऐकू नका. आमचं अडलं ते वेगळ्याच कारणानं. माझं सिम चिरलं होतं म्हणून आम्ही ते नेमकं आदल्याच आठवड्यात बदलून घेतलेलं, आणि १ जुलै २०२४ पासून नियम असाय की सिम बदललं की सात दिवस यूपीसी मिळत नाही, कोणी आपल्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढून परस्पर पोर्ट करू नये म्हणून. चांगला नियम आहे पण आम्हाला माहीतच नव्हता, दोन दिवस मी मेसेज पाठवत बसले आणि कंपनीला शिव्या घालत बसले. माझे वडील मुंबईचा नंबर घेऊन साताऱ्याला राहायला गेले त्यांचंही त्याच महिन्यात केलं, मुंबई वेगळं सर्कल धरतात आणि बाकी महाराष्ट्र वेगळं, त्यामुळे तिकडे पोर्ट व्हायला नेहमीच्या तीनाऐवजी पाच वर्किंग डेज असतात. प्रीपेडमध्ये जो काय बॅलन्स उरलेला असेल तो जातो, तो आधी संपवा.

आता मुद्द्याचं. दुकानातल्या मुलाला मी दोनदा विचारलं की कॉन्टॅक्ट्सचं काय, तो म्हणाला मॅडम सगळं ट्रान्सफर होतं. कसलं काय. पोर्ट होतो तो नंबर. नावं ना जुन्या कंपनीकडे असतात ना नवीन कंपनीकडे जातात, ती एकतर सिममध्ये असतात, नाहीतर फोनमध्ये, नाहीतर कुठल्यातरी अकाउंटमध्ये, आणि गंमत म्हणजे फोनमध्ये लिस्ट उघडली की तिन्हीकडची एकत्रच दिसतात, त्यामुळे माणसाला वाटतं सगळं एका ठिकाणी आहे. जुनं सिम बंद झालं, नवीन घातलं, आणि आईंच्या लिस्टमधली निम्म्याहून जास्त नावं गायब. डबेवाल्या गिऱ्हाइकांची सगळी. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या खुर्चीवर बसल्या, ते बघून मलाच कसंतरी झालं.

ह्यात वाचलो ते एका गोष्टीनं. दुकानातला मुलगा म्हणाला होता जुनं सिम फेकून द्या, काही कामाचं नाही, पण आमच्याकडे काही फेकायची पद्धत नाही त्यामुळे ते मसाल्याच्या डब्याखाली कागदात होतं. सिम बंद झालं म्हणजे नेटवर्क बंद, त्याच्या चिपमधली नावं पुसली जात नाहीत!! फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं, वर नो सर्व्हिस दाखवत होता, तरी कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये ऑर्गनाइझ म्हणून टॅब असतो (काही फोनमध्ये त्यालाच फिक्स अँड मॅनेज म्हणतात) तिथे इम्पोर्ट फ्रॉम सिम दाबल्यावर सगळी नावं आली. तेव्हा पोर्ट झाल्यावर जुनं सिम निदान महिनाभर तरी ठेवा, मग कात्रीनं कापून टाका, कारण आपल्याला वाचता येतं तसं ते कचऱ्यातून उचलणाऱ्यालाही वाचता येतं.

आता सिममधून आलेल्या नावांची अवस्था ऐका. सिममध्ये साधारण अडीचशे नावं मावतात आणि एका नावाला जागा अगदी थोडी, इंग्रजीत लिहिलं तर चौदा ते अठरा अक्षरं, मराठीत लिहिलं तर त्याच्या निम्मी धरा, शिवाय काना, वेलांटी, पाय मोडणं हे सगळं तिथे वेगवेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. त्यामुळे "कुलकर्णी" एवढं लिहिलं की जागा संपली. पुढचं काका का काकू, मुलुंड का विक्रोळी, सगळं कापलेलं. आईंच्या सिममध्ये नुसतं "कुलकर्णी" असे तीन जण होते, "वहिनी" दोन, आणि एक "सोसायटी" म्हणून. इतकी वर्षं त्या कसं चालवत होत्या विचारलं तर म्हणाल्या, "अगं शेवटचे आकडे बघायचे, त्यात काय." बरोबर आहे, त्यांच्या डोक्यात बॅकअप होता.

मी काय केलं, घाईत. ॲपनं सुचवलं की ही डुप्लिकेट आहेत, मर्ज करू का, मी मर्ज ऑल दाबलं. म्हणजे मुलुंडचे काका, भांडुपच्या काकू आणि आम्हाला नारळ देणारे कुलकर्णी असं एक कार्ड झालं, त्यात तीन नंबर. दुसऱ्या दिवशी आईंनी काकूंना "डब्यात आज भेंडी" सांगायला फोन लावला तो नारळवाल्यांना. नशीब कॉम्प्युटरवर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडलं की सेटिंग्जमध्ये अनडू चेंजेस म्हणून आहे, तीस दिवसांच्या आतल्या कुठल्याही वेळेला परत जाता येतं. पण ते सगळी लिस्टच मागे नेतं, मधे जे नवीन सेव्ह केलं असेल ते जातं, म्हणून अनडू करायच्या आधी एकदा एक्स्पोर्ट करून फाइल ठेवा, मी नाही ठेवली आणि चार नंबर परत विचारावे लागले. मर्ज मात्र एकेक बघूनच करा. हां, एकच माणूस एकदा नुसत्या दहा आकड्यांत, एकदा पुढे शून्य लावून आणि एकदा प्लस एक्क्याण्णव लावून असा तीनदा असतो, तिथे मर्ज अगदी छान काम करतं.

आणि सगळ्यात भारी प्रकार अजून सांगितलाच नाही. सिममधून आलेली आणि फोनमधली नावं मोजली तरी तीस-पस्तीस कमीच पडत होती, साधारण गेल्या दोन वर्षांतली नवीन गिऱ्हाइकं. शोधून शोधून थकले. मग आठवलं की हा अँड्रॉइड फोन आईंच्या भाच्यानं सेट करून दिलेला, तेव्हा आईंचं जीमेल नव्हतं म्हणून त्यानं स्वतःचंच टाकलं होतं. म्हणजे आई दोन वर्षं नवीन नंबर सेव्ह करत होत्या ते थेट त्याच्या अकाउंटमध्ये, आणि मागच्या दिवाळीत त्यानं पासवर्ड बदलल्यापासून ते सिंकच बंद. त्याला फोन केला तर म्हणतो, "हो वहिनी, माझ्या फोनमध्ये ती जोशी काकू एकवीस तळणीचे, राणे डबा बिनकांदा अशी नावं येत होती, मला वाटलं व्हायरस आहे." व्हायरस!! विचारायचं तरी आत्याला. त्याच्या अकाउंटमधून फाइल मागवली, ३४ नंबर निघाले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा फोन आत्ता हातात घ्या आणि कुणाचं अकाउंट टाकलंय ते बघा, दुकानदारानं स्वतःचं टाकून दिलेलंही मी शेजारी बघितलंय.

तर आता व्यवस्था अशी आहे. आईंच्या नावाचं स्वतंत्र जीमेल, पासवर्ड त्यांच्या डब्याच्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर, सगळी नावं त्या अकाउंटमध्ये आणि सिममध्ये एकही नाही. तीन महिन्यांनी एकदा मी एक्स्पोर्ट करून व्हीसीएफ फाइल काढते, ती माझ्या मेलवर पाठवते. एक्सेलवाली सीएसव्हीपण काढून बघितली होती पण ती एक्सेलमध्ये नेहमीसारखी डबल क्लिक करून उघडली की मराठी नावांच्या जागी नुसती किडे-मुंग्यांसारखी चिन्हं, व्हीसीएफमध्ये मराठी नीट राहतं आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्हीकडे उघडतं. आमच्या ह्यांचा आयफोन आहे, त्यात सिमवर नाव सेव्हच होत नाही, फक्त सिममधून घेता येतं, त्यामुळे त्यांचं सगळं आधीपासून आयक्लाउडमध्ये होतं आणि पोर्टच्या दिवशी ते आरामात क्रिकेट बघत होते.

जुन्या कंपनीच्या ॲपमध्येपण कॉन्टॅक्ट बॅकअप होता, माझ्या नंबरचा मी घेतलाही होता. पोर्ट झाल्यावर लॉगिन करायला गेले तर हा नंबर आमचा ग्राहक नाही. म्हणजे कंपनी सोडताना उपयोगी पडावा म्हणून घेतलेला बॅकअप कंपनी सोडली की बंद. माझी नावं अकाउंटमध्येही होती म्हणून काही गेलं नाही, पण कंपनीच्या ॲपमध्ये बॅकअप ठेवून निवांत राहू नका.

परीक्षा झाली ती जुलैत. आईंचा फोन पाण्याच्या पिंपात पडला, पूर्ण गेला, तांदळात ठेवून वगैरे काही उपयोग नाही. नवीन फोन आणला, वहीतला पासवर्ड टाकला आणि चहा होईपर्यंत सगळी नावं हजर. गणपती तोंडावर आलेले, त्या आठवड्यातच मोदकांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात होते, तेव्हा ही लिस्ट नसती तर काय झालं असतं विचार करवत नाही. व्हॉट्सॲप नंबर तोच असल्यामुळे पोर्टच्या वेळी काहीच करावं लागलं नव्हतं, ह्यावेळी फोन बदलला म्हणून ओटीपी टाकावा लागला एवढंच. यूपीआय मात्र सिम बदललं तेव्हाही आणि फोन बदलला तेव्हाही परत व्हेरिफाय करायला लागलं, त्यासाठी फोनमधून एक एसएमएस जावा लागतो, तर नवीन सिमला एसएमएसवाला रिचार्ज असूद्या.

तक्रार एकच आणि ती गूगलपेक्षा आमच्या सवयीची. नवीन फोन आल्यावर नंबर सेव्ह करताना तो विचारतो कुठे सेव्ह करू, आणि आई सवयीनं सिम दाबतात, कारण सिम म्हणजे आपलं, अकाउंट म्हणजे काहीतरी लोकांचं असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आणि भाच्याचा प्रकार बघता त्यांचं काय चुकलं? गणपती झाल्यावर बघितलं तर सतरा नंबर परत सिममध्ये. आता कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट अकाउंट म्हणून त्यांचं जीमेल लावून टाकलंय, तेव्हापासून विचारत नाही. हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. पाचपैकी साडेचार देते, अर्धा कुलकर्णींसाठी कापला.

साफसफाई करताना बरंच जुनं सापडलं, मुंबईचे लँडलाइन सात आकडी होते तेव्हाचे नंबरपण निघाले, पुढे दोन लावायच्या आधीचे, ते आईंनी वाचत वाचत एकेक काढून टाकले. तिन्ही कुलकर्णी ओळखायला कालनिर्णयच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेले नंबर कामाला आले. सगळं लागलं, फक्त एक "मंगल २" राहिलंय. मंगल १ लिस्टमध्ये नाहीच, ट्रूकॉलरला काही दाखवत नाही, व्हॉट्सॲपला फोटो सूर्यफुलाचा. मी डिलीट करायला निघाले होते तर आई म्हणाल्या, राहू दे, मोदक हवे असतील तेव्हा फोन करेल, मग कळेल कोण ती.