एक्सपर्ट प्रामाणिक असला तरी चुकतो, तो कसा? एका ऑनलाइन कोर्सबद्दल

तज्ज्ञांची साक्ष आणि कोर्टातला बायस, म्हणजे नकळत एका बाजूला झुकणं, या विषयावर एका लॉ प्रोफेसर बाईंचा रेकॉर्डेड कोर्स आहे, त्यांच्याच रिसर्चवर बेतलेला, तो मागच्या आठवड्यात संपवला. आधीच सांगते, आवाज भयंकर आहे, माईकवर उशी ठेवून बोलल्यासारखा, आणि पहिलं लेक्चर सरळ सोडून द्या, नुसत्या व्याख्या आहेत.

दुसऱ्यापासून मात्र मी जागची हलले नाही. मी वकिली करते आणि इतकी वर्षं माझी समजूत अशी की एक्सपर्टचा बायस म्हणजे ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, त्यामुळे उलटतपासणीत माझा पहिला प्रश्न फीचा ठरलेला. मॅडम म्हणतात तेही असतंच, 2013 च्या एका अमेरिकन अभ्यासात शंभरावर फॉरेन्सिक मानसतज्ज्ञांना त्याच त्याच फायली दिल्या, काहींना सांगितलं तुम्ही सरकार पक्षाकडून, काहींना बचाव पक्षाकडून, आणि आरोपी किती धोकादायक याला दिलेले मार्क आपोआप त्या त्या बाजूला झुकले. पण खरी गंमत पुढे आहे.

2004 च्या माद्रिद रेल्वे स्फोटांनंतर डिटोनेटरच्या पिशवीवरचा बोटाचा ठसा एफबीआयने अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या ब्रँडन मेफिल्ड नावाच्या वकिलाचा ठरवला, त्याला आत टाकलं, आणि नंतर स्पॅनिश पोलिसांना तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा निघाला. यातली मला हादरवणारी गोष्ट म्हणजे बचावासाठी कोर्टाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही ठसा मेफिल्डचाच म्हटलं होतं! म्हणजे त्याला कुणी विकत घेतलं नव्हतं, फक्त आधीच्यांचं मत काय ते त्याला माहीत होतं.

मग मानसशास्त्रज्ञ इटिएल ड्रोर यांचा 2006 चा प्रयोग. पाच ठसेतज्ज्ञांना त्यांनीच काही वर्षांपूर्वी जुळलेत म्हणून सांगितलेले ठसे परत दाखवले, पण हे मेफिल्डच्या केसमधले चुकलेले ठसे आहेत असं सांगून. तिघं म्हणाले जुळत नाहीत, एक म्हणाला सांगता येत नाही, एकच आपल्या मतावर ठाम. पाचच माणसं आहेत हे मान्य, मॅडमही ते लपवत नाहीत, पण ठसे तेच आणि माणसंही तीच, बदलली फक्त सोबत सांगितलेली गोष्ट.

इंग्लंडमधल्या सॅली क्लार्कची केसही आहे, 1999 मध्ये स्वतःच्याच दोन बाळांच्या खुनासाठी शिक्षा, आणि साक्षीत बालरोगतज्ज्ञाने सांगितलेला, अशा घरात दोन बाळं आपोआप दगावण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक हा आकडा, जो एका बाळाच्या 8543 त एक या शक्यतेचा वर्ग करून काढलेला, जणू एकाच घरातल्या दोन मृत्यूंचा एकमेकांशी काही संबंधच असू शकत नाही. क्लार्क 2003 मध्ये सुटली. फक्त इथे मॅडम घाईत निघून जातात, अपिलात निर्णायक ठरला तो पॅथॉलॉजिस्टने पुढे न आणलेला लॅब रिपोर्ट, हे एका वाक्यात उरकलंय, ते मला पटलं नाही.

सगळ्यात कच्चा भाग उपायांचा. अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या 1993 च्या डॉबर्ट निकालाने शास्त्र पक्कं आहे की नाही ते बघायचं काम जजकडे दिलं, पण जजच्या स्वतःच्या बायसवर अख्ख्या कोर्समध्ये जेमतेम दहा मिनिटं, आणि विषयाच्या नावात तर कोर्ट आहे ना हो. ठसा आधी बघायचा, संशयिताची माहिती मग द्यायची, ही पद्धत नीट समजावलीय, तिच्यासाठी सहावं लेक्चर दोनदा ऐकलं. क्विझ मात्र शाळकरी.

वकील, तपास अधिकारी, लॅबवाले यांनी नक्की घ्यावा, परीक्षेच्या नोट्स हव्या असतील तर नको. पाचपैकी चार, एक मार्क माईकचा कापला. माझ्या उलटतपासणीत फीचा प्रश्न आता तिसऱ्या नंबरवर गेलाय, पहिला असतो, सॅम्पल हातात येण्याआधी तुम्हाला काय काय सांगितलं होतं, आणि कुणी.